सहा नंबरचा गठ्ठा

'तुमच्या कामातले चार गमतीदार अनुभव लिहून द्या,' असा या अंकासाठी फोन आला. गमतीदार हा शब्द संपादकांचा, चार हा आकडाही त्यांचाच. मी हो म्हणाले आणि वैशाखापासून श्रावणापर्यंत टेबलाशी बसून राहिले. लिहिणं मला नवं नाही. पण माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट एकच निघाली, आणि ती गमतीदार किती हे वाचणाऱ्यांनी ठरवावं.

आधी काम काय होतं ते सांगते. सोलापुरातल्या एका संशोधन संस्थेत मी एकोणीस वर्षं होते. संस्थेचं नाव घेत नाही. गर्भारपण, बाळंतपण आणि आईचं आरोग्य हा तिचा विषय. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. मराठी घेऊन एम. ए. केलं, ग्रंथपालाचा अभ्यासक्रम केला, ग्रंथालयात जागा मिळाली नाही म्हणून इथे आले. इंग्रजी फॉर्म मराठीत आणायचे, हे माझं पहिलं काम. पुढे ते फॉर्म घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या सहा बायकांची मी पर्यवेक्षक झाले, म्हणजे त्यांच्यासारखीच हिंडू लागले.

संशोधन म्हटलं की लोकांना पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या दिसतात. आमचं संशोधन म्हणजे दार वाजवणं. दार उघडलं की 'नमस्कार, माझं नाव अमुक, मी अमुक संस्थेकडून आले आहे, तुमची हरकत नसेल तर काही प्रश्न विचारायचे आहेत' हे वाक्य. शब्दही इकडेतिकडे करायचा नाही. घर बंद असेल तर तीन वेळा जायचं; तिसऱ्यांदाही बंद असेल तर फॉर्मवर कोड नऊ लिहायचा आणि पुढच्या घरी जायचं. सगळ्याला कोड असे. बाईला मूल झालं, एक. गर्भ पडला, दोन. उत्तर द्यायला नकार, पाच. दिल्लीत बसलेल्या ज्या माणसांनी हे कोड ठरवले, त्यांनी अक्कलकोट तालुक्यातलं एकही घर पाहिलेलं नव्हतं. आणि तरी त्यांना त्या घरात काय काय घडू शकतं हे नऊ आकड्यांत माहीत होतं.

नियम असा की मुलाखत एकांतात घ्यावी. एका खोलीचं घर, खोलीत चूल, दाराशी शेळी, आणि मधोमध सासू. एकांत कुठून आणायचा? मी सुनेला विचारायची, 'तुम्हाला थकवा जाणवतो का?' आणि सासू म्हणायची, "तिला कशाचा आलाय थकवा? थकवा मला हाय. माझं लिवा की." हिरव्या पालेभाज्यांचा प्रश्न तर मी फार निगुतीनं मराठीत आणला होता: 'गेल्या सात दिवसांत आपण हिरव्या पालेभाज्यांचे सेवन किती वेळा केले?' एका बाईनं तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाली, "नुस्तं इचारायला आलाय, का आनलीया थोडी?" शेवटची पाळी कधी आली, याचं उत्तर तारखेत कधीच मिळत नसे. येळवसेच्या आधी की नंतर? गड्ड्याच्या यात्रेला गेलात तेव्हा आली होती का? असं सणाला सण जोडत आम्ही तारीख काढायचो आणि चौकटीत भरायचो. पुढे त्या तारखेवरून काढलेले निष्कर्ष इंग्रजीत छापून येत तेव्हा त्यांत दिवसांचासुद्धा हिशेब असे. मी ते वाचायची आणि मला ती येळवस आठवायची.

पाणी विचारण्याआधी माझं आडनाव विचारणारी घरंही होती. त्यांना मात्र कोड नव्हता.

तर गोष्ट अशी. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे रक्तदाबाचा अभ्यास आला. गर्भारपणात काही बायकांचा रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते, डोकं दुखतं, आणि वेळेवर कळलं नाही तर झटके येतात. घरोघर जाऊन दर पंधरा दिवसांनी रक्तदाब मोजला, कुणाचा वाढला तर तिला तालुक्याला धाडलं, तर बायका वाचतात का, हे पाहायचं होतं. हेतूला नावं ठेवत नाही. हेतू नेहमीच चांगले असायचे.

प्रत्येक बाईला एक निळं कार्ड दिलेलं असे. त्यावर तारीख, रक्तदाब, वजन, सूज आहे की नाही, कोणती गोळी चालू आहे. तळाशी एक चौकट, कोडसाठी. कार्ड बाईच्या घरी राहायचं, पण मालकी संस्थेची. संमतीपत्राच्या दुसऱ्या पानावर शेवटून दुसरं वाक्य होतं: 'अभ्यासातून बाहेर पडताना सहभागी व्यक्तीने कार्ड संस्थेस परत करावे.' मूळ इंग्रजी वाक्य अडीच ओळींचं आणि तिरपागडं होतं. मी ते एका ओळीत आणलं. आमचे मोठे सर बैठकीत म्हणाले होते, "याला म्हणतात भाषांतर. वंदना मॅडमच्या मराठीला तोड नाही." मी चारचौघांत मान खाली घातली, पण आतून फार बरं वाटलं होतं.

ते संमतीपत्र चारही पानं वाचून मग सही करणारी बाई मला उभ्या नोकरीत एकच भेटली. महादेवी. तिसरा महिना होता. वय वीस. माहेर दुधनीच्या पलीकडे, हद्द ओलांडून कर्नाटकात, त्यामुळे शाळा सगळी कन्नडमधून झालेली. मराठी वाचायला ती सासरी आल्यावर शिकली, दुकानांच्या पाट्यांवरून आणि सासऱ्याच्या वर्तमानपत्रावरून. ओळीखाली बोट धरून तिनं चार पानं वाचली. आमचा चालक रफिकभाई बाहेर हॉर्न वाजवून थकला.

"अक्का," ती म्हणाली, "हितं लिहिलंय, एकाद्या प्रश्नाचं उत्तर न्हाय दिलं तरी चालतंय."

"हो."

"मग मी न्हाय बोलले की आमच्या आत्या का वरडतात? त्यास्नी हे वाचून दाखवा की."

सासूबाई, म्हणजे तिच्या आत्या, बाजूलाच बसल्या होत्या. "वाच, वाच," त्या म्हणाल्या. "कागदावर कुनीबी लिवतंय. भाकरी कोन करनार ते लिवलंय का बघ त्यात."

महादेवी हसली आणि तिनं सही केली, मराठीत, पहिल्यांदाच. त्यानंतर मी तिच्याकडे जाताना जुनी मासिकं न्यायची, आमच्या घरचे मागच्या वर्षांचे दिवाळी अंकही. ती पंधरा दिवसांत एक अंक संपवायची, जाहिरातींसकट. एकदा तिनं मला विचारलं, या गोष्टींमधल्या बायकांना दिवस गेले की पुढच्या पानावर लगेच मूल कसं होतं, मधल्या महिन्यांचं कोणी लिहीत नाही का? मी म्हणाले, आम्ही लिहितो. ती म्हणाली, "तुमी कुटं लिवता? तुमी आकडे लिवता."

सातव्या महिन्यात तिचा रक्तदाब चढला. मी स्वतः मोजला, दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजला. तालुक्याला पाठवलं, तिथे गोळ्या सुरू झाल्या, मी कार्डावर गोळीचं नाव लिहिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजला. थोडा खाली आला होता, पण हवा तितका नाही. तेही लिहिलं.

आता मी जे सांगणार आहे ते कोणत्याही मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही, आणि तरीही ते आमच्या अभ्यासात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, आमच्या त्या भागात त्याला कुबसा म्हणतात, आणि आई येऊन लेकीला घेऊन जाते. पहिलटकरीण सासरच्या गावात बाळंत झाली तर लोक विचारतात, माहेरी कोणी नाही का? म्हणजे ज्या बायकांना रक्तदाबाचा धोका जास्त त्या पहिलटकरणी, आणि ज्या महिन्यांत धोका जास्त ते शेवटचे महिने. नेमक्या त्या बायका नेमक्या त्या महिन्यांत आमच्या गावांतून उठून जायच्या. दिल्लीच्या नऊ कोडांत याला सहा नंबर होता: 'अभ्यासक्षेत्र सोडले.' सहा लिहायचा, कार्ड परत घ्यायचं, फाइल बंद.

रफिकभाईला हे सगळं आमच्या आधी कळलं होतं. गाडी चालवता चालवता तो म्हणायचा, "मॅडम, सातवां लग्या की तुमारा फॉर्म बंद, मेरा डिझेल बच्या. ये कैसा अभ्यास है तुमारा? परीक्षा आई की पोरगी घर कू!"

आम्ही हसायचो. मी मोठ्या सरांना एकदा हे सांगितलंही, रफिकभाईचं नाव न घेता. ते म्हणाले, "मॅडम, प्रोटोकॉल मंजूर झालेला आहे." आमच्याकडे या वाक्यानंतर कोणी बोलत नसे. मीही बोलले नाही. सहा महिन्यांनी दिल्लीहून एक तज्ज्ञ आले, वातानुकूलित गाडीतून दोन गावं पाहिली, आणि अहवालात लिहून गेले की या दुष्काळी पट्ट्यात गरोदर स्त्रियांच्या स्थलांतराचं प्रमाण चिंताजनक असून त्या बहुधा रोजगाराच्या शोधात बाहेर जात असाव्यात. सात महिन्यांच्या गरोदर बायका रोजगाराच्या शोधात! तो अहवाल मराठीत आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मी तो जसाच्या तसा आणला. एक शब्द बदलला नाही.

महादेवीच्या कुबसाच्या दिवशी माझी फेरी तिच्याच गावात होती. मांडव घातलेला, बायका हिरव्या साड्यांत, पंगत चाललेली. तिची आई गौरव्वा लेकीला न्यायला आली होती आणि स्वतः पंगतीत शेंगापोळ्या वाढत होती. मी आतल्या खोलीत गेले. महादेवी फुलं माळून पाटावर बसली होती, पाय सुजलेले, कापडी पिशवी भरून बाजूला ठेवलेली.

"कार्ड दे गं," मी म्हणाले.

तिनं पिशवीत हात घालून ते काढलं. लगेच दिलं नाही. "नेऊ का अक्का बरोबर? तिकडच्या डॉक्टरास्नी दाखवीन की."

"परत करायचं असतं. तू वाचलंयस ना?"

"वाचलंय." मग म्हणाली, "तुमी आकडे तरी लिवून द्या एका कागदावर."

मी म्हणाले, "देते." बाहेरून कोणीतरी हाक मारली, 'मॅडम, पंगत बसतीया, या.' मी कार्ड माझ्या फाइलमध्ये टाकलं, पंगतीत बसले, दोन शेंगापोळ्या खाल्ल्या. रफिकभाईनं हॉर्न दिला. पुढच्या गावात तीन घरं बाकी होती. गाडीत बसल्यावर मी कार्डाच्या तळाच्या चौकटीत सहा लिहिला. आकड्यांचा कागद द्यायचा राहिला, हे मला चौथ्या दिवशी आठवलं. सासरच्या गावी फोन करून आकडे कळवता आले असते. फाइल बंद झालेल्या बाईला संपर्क करायचा नाही, असाही एक नियम होता. मी तो पाळला.

पाच आठवड्यांनी महादेवी गेली. मला ते त्यानंतर महिन्यानं कळलं, तिच्या शेजारच्या घरी मुलाखत घेताना, चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाच्या मध्ये. "ती मासिकं वाचायची ती सून? मेली की. फिट आली. मूल बी गेलं." मी पाचवा प्रश्न विचारला. फॉर्म पूर्ण केला. मग गाडीत जाऊन बसले आणि रफिकभाईला म्हणाले, सोलापूरला चला. त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मोठ्या सरांना मी सांगितलं की आपल्या अभ्यासातली एक बाई गेली. त्यांनी नंबर विचारला, संगणकावर शोधला.

"ही सहा आहे," ते म्हणाले.

"हो."

"मग आपली कशी?"

"सर, ती आईकडे गेली होती."

"मॅडम, तुम्ही इमोशनल होताय. सहा म्हणजे अभ्यासाबाहेर. बाहेरच्या घटना आत आणल्या तर अभ्यास दूषित होतो." दूषित हा शब्द त्यांनी मराठीतून वापरला, माझ्यासाठी.

वर्षभरानं एका हॉटेलात निष्कर्ष सांगण्याचा कार्यक्रम झाला. पडद्यावर आलं की आमच्या कार्डधारक बायकांपैकी एकही माता दगावली नाही. टाळ्या झाल्या. कोणी खोटं बोललं नव्हतं, हे मी मुद्दाम नोंदवते. प्रत्येक आकडा खरा होता. खोटं सांगायला अक्कल तरी लागते. इथे फक्त चौकटी भरायच्या होत्या. मला एक शाल मिळाली, उत्कृष्ट भाषांतरासाठी. मी ती घेतली. कपाटात आहे.

त्यानंतरही मी पाच वर्षं तिथे नोकरी केली. हे वाक्य लिहायला मला आषाढ पुरला.

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. निवृत्तीच्या आठवड्यात जुने कागद नष्ट करायचे होते; ठरावीक वर्षांनी ते यंत्रात घालून त्याच्या पट्ट्या करतात. ग्रंथपालाचं शिक्षण झालेलं असल्यामुळे हे काम माझ्याकडे आलं, जणू पुस्तकं सांभाळायला शिकणं म्हणजे कागद मारायला शिकणं. कोडाप्रमाणे गठ्ठे बांधलेले होते. सहा नंबरचा गठ्ठा इतर सगळ्यांहून जाड होता, त्याला दोरी पुरली नव्हती, दोन ठिकाणी गाठ मारून जोडली होती. मी तो सोडला, महादेवीचं कार्ड काढलं आणि पर्समध्ये ठेवलं. नोकरीत केलेली ती माझी एकमेव चोरी.

कार्ड घेऊन काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. ते एका जाड पुस्तकात ठेवून दिलं. मग या चैत्रात अक्कलकोटच्या एसटी स्टँडवर महादेवीच्या सासूबाई भेटल्या. मुलाचं दुसरं लग्न झालं, दोन नातवंडं आहेत, असं सगळं सांगून झालं. मग स्वतःहून म्हणाल्या, "तिच्या आईचं कळलं का तुमाला? डोस्कं फिरलंय. अजून ट्रंक उचकटती."

"कशासाठी?"

"ते तुमचं निळं कार्ड हो. पोरीला फिट आल्यावर दवाखान्यात डॉक्टर म्हनला, आधीचे कागद आना, गोळी कुटली चालू हुती ते सांगा. ही म्हनली, कार्ड हाय, सकाळी पिशवीत ठिवताना मी डोळ्यानं बगितलंय. तिचा मालक मोटारसायकलवर तिच्या म्हायेरी गेला, ट्रंक बगितली, पिशवी बगितली. न्हाय. परत जाईस्तवर पोरगी गेली. तवाधरनं समदे म्हनत्यात, हिनंच वाटंत पाडलं."

त्यांची गाडी लागली आणि त्या गेल्या. मी स्टँडवरच बसून राहिले. सात वर्षं मी स्वतःला दोष देत होते आणि त्याला दुःख म्हणत होते. हे दुःख तसं सोयीचं होतं, घरी बसून, पुस्तकं वाचत करता येण्यासारखं. आणि तिकडे माझ्या वाटणीचा दोष एक अडाणी बाई चारचौघांत भोगत होती.

महादेवीनं कार्ड परत दिल्याचं आईला का सांगितलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसेल. कार्ड परत करायचं असतं असं कागदावर लिहिलं होतं, आणि तो कागद तिनं वाचला होता.

कार्ड असतं तर ती वाचली असती, असं मी म्हणणार नाही. झटके आलेल्या बाईला कार्डाशिवायही ओळखता येतं. दवाखाना लहान होता, रस्ता लांब होता. पण ते पाच आठवडे कार्ड त्या घरात असतं, तर कोणीतरी ते एकदा तरी कोणाला दाखवलं असतं. यापुढे मला काही माहीत नाही. एकोणीस वर्षं संशोधनात घालवून मी एवढंच सांगू शकते.

त्याच आठवड्यात मी दुधनीला गेले, तिथून पुढे जीपनं महादेवीच्या माहेरी. जाताना गाडीत मी मनाशी एक परिच्छेद रचला होता. चांगला होता.

गौरव्वा ओसरीवर ज्वारी पाखडत होती. "बर्री अक्का, या," म्हणाली, आणि मग निरखून बघितलं. "तुमी बीपीवाल्या न्हवं? कुबसाला आलता की. शेंगापोळ्या दोन खाल्लत्या तुमी."

मी बसले. तिनं पाणी आणलं आणि माझ्या येण्याचं कारणही न विचारता बोलू लागली. मला वाटतं, येणाऱ्या प्रत्येकापाशी ती हेच बोलत असावी. "कार्ड माझ्याकडनंच गेलं बगा. दुदनीच्या स्टँडवर पोरीला तान लागलती. तांब्या काढाया पिशवी उघडली मी. तवाच पडलं. मी नंतर तितं जाऊन हुडकलं की, हाटेलवाल्यास्नी इचारलं, झाडणाऱ्या बाईला इचारलं."

परिच्छेद मला आठवेना. मी पर्समधून कार्ड काढून तिच्यापुढे धरलं.

तिनं ते लगेच ओळखलं. "कुटं घावलं? स्टँडवर?"

"नाही. माझ्याकडेच होतं. कुबसाच्या दिवशी मी तिच्याकडून परत घेतलं. तुम्ही बाहेर वाढत होता."

"तिनं दिलं?"

"मी मागितलं म्हणून दिलं. ती नेऊ का म्हणत होती. मी नको म्हणाले."

"का?"

"नियम होता."

"कुनाचा?"

दिल्लीचा म्हणता आलं असतं, सरांचा म्हणता आलं असतं. "मराठीत मी लिहिला होता," मी म्हणाले.

तिनं कार्ड उलटसुलट केलं. तिला वाचता येत नव्हतं. तळाच्या चौकटीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "हे काय?"

"सहा. म्हणजे अभ्यासाचा भाग सोडून गेली."

"सोडून कुटं गेली? आईकडं आलती की."

ती रडली नाही. माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि ते तिला कळलं असावं. तिनं कन्नडमध्ये मोठ्यानं हाक मारली, तशी गोठ्यातून तिचा नवरा शरणप्पा आला, हात शेणानं भरलेले.

"सांगा ह्यास्नी," ती मला म्हणाली.

मी सांगितलं. शरणप्पा माझ्याकडे नाही, कार्डाकडे बघत होता. "असं व्हय," म्हणाला, आणि पायरीवर खाली बसला.

"असं व्हय!" गौरव्वा म्हणाली. "सात वर्सं ह्यो मानूस माझ्या हातचं जेवताना म्हनतोय, तू पाडलंस. आनि आता असं व्हय." तिनं पदर खोचला, पायांत चपला घातल्या. "उटा अक्का."

"कुठे?"

"गल्लीत. मी पाडलं म्हनून समद्यास्नी ठाव हाय. आता हे ठाव हुंद्या."

पहिल्या दारात उभी राहिले आणि सवयीनं माझ्या तोंडून तेच वाक्य निघालं: 'नमस्कार, माझं नाव वंदना शिवशरण, मी सोलापूरच्या एका संस्थेकडून आले आहे.' पुढचा भाग मात्र पाठ नव्हता. 'महादेवीचं कार्ड तिच्या आईनं हरवलं नव्हतं. ते मी घेतलं होतं.' गौरव्वा शेजारी उभी राहून ते कन्नडमध्ये सांगायची, माझ्याहून थोडक्यात, आणि कार्ड उंच धरायची. एका घरी म्हाताऱ्यानं विचारलं, "मग आता काय मिळनार हाय का सरकारकडनं?" दुसऱ्या घरी एक बाई मला म्हणाली, "तुमी शिकलेल्या दिसता," आणि आत निघून गेली. एका घरी चहा ठेवला. गौरव्वानं तो पिऊ दिला नाही. "त्यास्नी काम हाय," म्हणाली.

आठव्या घरानंतर मी म्हणाले, आता पुरे ना? सगळीकडे कळेलच.

"अजून जावंचं घर हाय," ती म्हणाली. "तीच लई बोलती."

जावेच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, शेतात गेलीय. मी घड्याळ बघितलं. दुधनीची शेवटची जीप निघायला फार वेळ नव्हता. बंद घराचं काय करायचं हे मला एकोणीस वर्षांपासून ठाऊक होतं.

गौरव्वा कट्ट्यावर बसली, कार्ड मांडीवर ठेवलं आणि बाजूची धूळ पदरानं झटकून माझ्यासाठी जागा केली. मी बसले. समोरून जीप भरून निघून गेली. उन्हं उतरायच्या सुमाराला जाऊ आली, डोक्यावर कडब्याची पेंढी. दारात मला बघून ती थबकली. पेंढी खाली उतरवायला तिनं हात वर केले, आणि ती उतरायच्या आतच गौरव्वा उठून उभी राहिली.

"सांगा अक्का," ती म्हणाली.